उलटा कार्बन

सोमवारी आमचं शटर खाली.
जळकोट रस्त्यावर सगळ्यांना माहीत आहे,
तरी पायरीशी कुणीतरी जळालेली मोटार ठेवून जातंच,
नाव नाही, गाव नाही,
बोअरमधून नुकती काढलेली, अजून ओली.

आत मी, स्टुलावर बिलबुक.
पांढरं पान, कार्बन, पिवळं पान.
मन्मथ पुण्याला कंपनीत गेल्यापासून
आठवड्याचा हिशेब मी यातच मांडते.
तीन रकाने : झालं. राहिलं. पुढच्या सोमवारी.

'झालं'मध्ये तीन एचपीच्या चार, पाचच्या दोन,
वीजबिल, गिरणी, सासूबाईंच्या गोळ्या.
'राहिलं' मात्र बोटांना पाठ :
भालकीच्या मावशीकडं जाणं.
स्कूटर शिकणं.
देवणीच्या पाटलाला उधारीचं तोंडावर विचारणं.
आणि एक ओळ, नुसतं 'तांबं' लिहिलेली,
जिचा अर्थ मी कुणाला सांगितलेला नाही.

दर सोमवारी त्याच चार ओळी,
पांढऱ्यावरून पिवळ्यावर,
पिवळ्यावरून पुढच्या पांढऱ्यावर.
ह्याला आढावा म्हणायचं?
ही तर दुय्यम प्रत.

मागच्या खेपेला लिहिताना लाईट गेली
आणि अंधारात कार्बन उलटा पडला.
आज पाहते तर पिवळं पान कोरं,
आणि पांढऱ्याच्या पाठीवर
माझीच अक्षरं, दुसरीकडं तोंड केलेली.
शिरोरेखा जागेवर, बाकी सगळं पाठमोरं.
वाचता येईना, म्हणून पहिल्यांदा नीट बघितलं.
'भालकी' एखाद्या गावासारखी दिसत होती,
वेशीसकट.

मोटार जळून आली की मी तिला
काय राहिलं, असं विचारते का?
कॉइल कापते, वेढे मोजते,
कितव्याला जळलं ते नखानं शोधते.
मन्मथ म्हणायचा, कंपनीचा आकडा तो आकडा.
पण आपल्याकडं रात्रीचं व्होल्टेज अर्धमेलं.
एका वर्षी मी दोन वेढे कमी केले
आणि तार एक नंबर जाड घेतली,
कुणाला न विचारता.
मोटार चालली.
माझे हात दोन दिवस थरथरत होते.

एवढं धाडस लोकांच्या मोटारीत.
माझ्या आठवड्यात कंपनीचाच आकडा.

कार्बन काढून बाजूला ठेवला.
मंगळवार : देवणी. चहा घ्यायचा नाही, पैसे घ्यायचे.
बुधवार : दोन ते चार शटर अर्धं. कारण लिहिलं नाही.
गुरुवार कोरा ठेवला, मग राहवेना,
त्यावर मोर काढला, त्याची कोंबडी झाली.
शनिवार : इरफानभाईच्या पोरीची स्कूटर,
आयटीआयचं मैदान. एकदा तरी पडायचं.

आतून सासूबाई :
"काय लिवलालीस गं एवढं, आज तर बंद हाय दुकान?"
"बिल."
"कुणाचं?"
मी पान उलटलं.

आज पुन्हा सोमवार.
पाटलानं अर्धेच दिले, आणि चहा मी घेतला.
मैदानावर दोनदा पडले, ठरल्यापेक्षा एकदा जास्त.
कोपराला हळद आहे.
भालकी राहिली. पण ती पुन्हा उतरवून न घेता
फोन लावला. मावशी आधी कानडीत रागावली,
मग मराठीत रडली, मग
खारातल्या मिरच्यांचं विचारत बसली.
गुरुवारी काय केलं, आठवत नाही.

आणि बुधवारी दोन ते चार
भंगाराच्या गोणीतून जळकी तार काढली,
काळी, खरवडली की लाल,
आणि वळत बसले.
झाड करायचं होतं.
केरसुणीसारखं दिसतंय.
तरी काउंटरवर ठेवलंय, वार्निशच्या डब्याशेजारी.

काल एक जण बराच वेळ बघत उभा होता.
म्हणाला, हे कोणत्या मोटारीतलं, ताई?
चालतंय का?
म्हटलं, थांबा जरा,
मेगर लावून बघावं लागंल.